ती बसमध्ये चढली की नाही

मामा,

पेपरात आलेल्या चार ओळींत तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ गृहस्थ आहात. ‘मनमिळाऊ’ वाचून मला भर माणसांत हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तर समोर बसलेल्या तुमच्या जुन्या सोबत्यांना वाटलं, सुनेला हुंदका आला. एकानं पाण्याचा ग्लास पुढं केला. मी तो घेतला. हे तुमच्याशिवाय आता कुणाला सांगायचं? मनमिळाऊ! लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून कितीतरी वर्षं आपण ‘जेवण वाढलंय’ आणि ‘बरं’ एवढ्यावरच काढली.

येणारे लोक तुमच्या नोकरीचं सांगतात. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून तुम्ही कुठवर गेलात, कुठल्या साहेबाला कसं उत्तर दिलंत. ते सगळं खरं असेल. पण मला आठवतो तो माणूस त्यांच्यापैकी कुणी बघितलेलाच नाही. तो रविवारी दुपारी ताटलीत कडक भाकरी मोडून घ्यायचा, वर शेंगाची चटणी, आणि टीव्हीसमोर बसून मला हाक मारायचा, “सुजाता, ये. आज कुठला देश हाय?”

तुम्ही गेल्यापासून मी एका जागी बसू शकलेले नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. हेही ओट्याशी उभी राहूनच लिहितेय.

आत्या गेल्या, मग तुमच्या लेकाची, संजयची नोकरी त्याला पुण्याला घेऊन गेली, मग माझी प्राची शिकायला बंगळूरला गेली. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरात आपण दोघंच उरलो, सासरा आणि सून. तुम्ही पुढच्या खोलीत, मी मागं. मी बँकेतून यायची, कुकर लावायची, तुम्ही आपलं ताट घेऊन पुढं जायचात. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट नसती तर घर अगदीच मुकं झालं असतं. जाताना प्राचीनं टीव्हीला कसलंसं इंटरनेट जोडून दिलं. “आजोबा, मॅच बघा, बातम्या बघा. यात जगातलं सगळं आहे.”

“जगातलं सगळं घेऊन मी काय करू?” तुम्ही म्हणालात.

सिनेमाचं तर तुम्हाला वावडंच होतं. आत्या सांगायच्या की लग्नानंतर एकदाच तुम्ही त्यांना सिनेमाला नेलंत आणि मध्यंतरात उठवून घरी आणलंत, कारण पडद्यावरच्या हमालाच्या सदऱ्याला इस्त्री होती.

तो पहिला रविवार मे महिन्यातला. पंखा गरम वारा फेकत होता. मी एक मालिका शोधत होते आणि रिमोटवर भलतंच बटण दाबलं गेलं. पडद्यावर बर्फ आलं, आणि त्या बर्फाच्या काठाला एक म्हातारा.

“थांब,” तुम्ही म्हणालात. “त्यो काय करायलाय?”

“कोण?”

“त्यो म्हातारा गं. खरंच रंधा मारायलाय का नुसते हात हलवायलाय?”

खरंच मारत होता. फिनलंडचा सिनेमा होता तो. गोठलेल्या तळ्याच्या काठावर एक म्हातारा लाकडी होडी दुरुस्त करत बसलेला असतो आणि तळं वितळायची वाट बघतो. बाकी काही घडत नाही. मी रिमोट हातात धरून उभीच होते, आता तुम्ही ‘बंद कर’ म्हणाल म्हणून. तुम्ही पाय वर घेऊन नीट बसलात. थोड्या वेळानं म्हाताऱ्याची शेजारीण येऊन त्याला काहीतरी बोलली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी पडद्याखालची बारीक इंग्रजी अक्षरं तुम्हाला धरता यायची नाहीत.

“काय म्हणाली?”

मी वाचून सांगितलं, “ती म्हणते, या वर्षीही तुमची होडी पाण्यात उतरणार नाही.”

“असं बोलंल व्हय शेजारीण? रागात हाय ती. नीट सांग की.”

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “ती म्हणती, ह्या साली बी तुजी होडी काटावरच कुजणार बघ!”

“हां. आता कसं.”

मी मोडनिंबची. माहेरची बोली शाळेत, कॉलेजात, बँकेत घासून घासून गुळगुळीत करून टाकलेली. तुमच्यासमोर तर मी पुस्तकातून उतरल्यासारखीच बोलत आले. कुठल्या त्या फिनलंडच्या म्हातारीनं माझी जीभ मोकळी केली. त्या दुपारी तिथले सगळे लोक माझ्या आईसारखे, मावशीसारखे बोलले. सिनेमा संपला तेव्हा तुम्ही खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती घेतला होता. बाहेर रस्ता तापलेला, आणि तुम्ही म्हणालात, “गार वाटायलंय बघ.”

पुढच्या रविवारी तुम्हीच विचारलंत, “तसला अजून एखादा हाय का?”

तसले पुष्कळ होते. पण ते वर नव्हते. वरच्या ओळींत सगळा गोळीबार. आपण खाली खाली जात राहायचो, जिथं कुणी जात नसेल तिथवर. तुमची निवडायची रीत ठरलेली. “ज्याच्या फोटूत कुणी बंदूक धरली न्हाई, त्यो लाव.” त्या एका नियमानं आपण कुठं कुठं जाऊन आलो, मामा! जॉर्जियातल्या पाव भाजणाऱ्या दोन बहिणी, ज्या एकमेकींशी फक्त गिऱ्हाईकामार्फत बोलतात. सेनेगलमधला शिंपी, ज्याला गावातल्या प्रत्येकाचं माप तोंडपाठ असतं. बँकेत जेवणाच्या सुट्टीत सगळे एकाच गाजलेल्या मालिकेबद्दल बोलायचे. मी डबा खात गप्प. त्या दोन बहिणींचं मी कुणाला सांगणार?

तसलं, मिठ्या-चुंबनांचं दृश्य आलं की पहिल्यापहिल्यांदा मी चहा ठेवायला उठायची आणि तुम्ही पंख्याकडं बघत बसायचात. एका फ्रेंच सिनेमात मी तीनदा उठले. चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, “बस गं. किती च्या पिऊ मी?” मी बसले. दोघंही पंख्याकडं बघत होतो. मग मला हसू आवरेना, आणि तुम्हालाही.

कानडी सिनेमाची दुपार तर वेगळीच. पिठाची गिरणी चालवणाऱ्या विधवेची गोष्ट, दोन ओळखीचे चेहरे नाहीत, कधी आला कधी गेला कुणाला पत्ता नाही असला सिनेमा. तुम्ही वळसंगचे, कानडी कानावर घेऊनच वाढलेले. त्या दिवशी मी खालची अक्षरं वाचायच्या आधीच तुम्ही हसायला लागायचात. “काय म्हणाली?” हे त्या दिवशी मी विचारत होते. तुम्ही सांगायचात, पण ती एक वाक्य बोलली की तुमची पाच वाक्यं. “मामा, एवढं कुठं बोलली ती?” “बोलली न्हाई, पर तिच्या मनात हाय की ते.” गिरणीवाली दळायला आलेल्या भांडकुदळ माणसाला ‘साकु, साकु’ म्हणून गप्प करते. पुरे, पुरे. मग आपल्या घरात तो शब्द राहिला. मी भात वाढताना तुम्ही हात आडवा धरून म्हणायचात, “साकु.”

आणि एक सिनेमा नाहीसा झाला तेव्हाचं तुम्हाला आठवतं? आठवतं का, असं मी लिहितेय खरी. तो शिंप्याचा. तुम्हाला परत बघायचा होता. मी सगळीकडं शोधला, मिळाला नाही. प्राचीला फोन केला, तर ती म्हणाली, “काढून टाकतात आई, त्यांचे हक्क संपले की.” तुम्हाला ते काही केल्या पटेना. काल होता तो आज कसा नाही? बराच वेळ पडद्याकडं बघत तुम्ही म्हणालात, “सांगून तरी जायचं की.”

शेवटावरून आपलं कधी जमलं नाही. हे सिनेमे असेच संपायचे, दार अर्धवट उघडं ठेवून. मला चीड यायची. मला कळायला हवं असायचं की पुढं काय झालं. तुम्हाला काही वाटायचं नाही. “ज्यवढं दाखवलं त्यवढं आपलं. पुढचं त्यांचं त्यांला.” असं म्हणून तुम्ही ताटली उचलून आत जायचात आणि मी एकटीच पळणारी नावं बघत बसायची.

फक्त एकदा, एकाच सिनेमाच्या शेवटावरून तुम्ही हट्टाला पेटलात. पोर्तुगालचा तो. इल्दा नावाची बाई असते, माझ्याच वयाची. मासे डब्यात भरायच्या कारखान्यात काम करते. घरी म्हातारा बाप, दिवसभर खिडकीत बसलेला. तिची बहीण तिच्यासाठी मोठ्या शहरात नोकरी बघते. इल्दा जाऊ की नको करत राहते. शेवटी सकाळी ती बॅग घेऊन थांब्यावर उभी असते. बस येते, दार उघडतं, इल्दा मागं वळून बघते आणि पडदा काळा होतो.

“चढली,” तुम्ही म्हणालात.

“नाही चढली. मागं वळून बघितलं की तिनं.”

“मागं कोण बघतंय? चढणारं माणूसच बघतंय. परत जाणाऱ्याला काय बघायचं?”

“बाप एकटा आहे तिचा, मामा.”

“बापाचं बाप बघंल! म्हातारं खिडकीत बसलंय, दोन घास खातंय. त्यासाठी हिनं जलमभर मासळी भरायची व्हय?” तुमचा आवाज चढला होता. तुम्ही ताटली खाली ठेवलीत. “तिनं चढायलाच पायजे.”

तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, “तुला बी बोलावलं व्हतं न्हवं, पुण्याला?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“संजू फोनवर वरडत व्हता. मला डोळ्याला कमी हाय, कानाला न्हाई.”

बँकेनं मला बढती देऊ केली होती, पुण्याच्या शाखेत. संजय तिथंच. तुम्ही सोलापूर सोडणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी नाही म्हणून कळवलं. कारण कुणाला दिलं नाही, पण लोकांनी आपलं आपणच ठरवलं की सून सासऱ्यासाठी थांबली. बँकेत, नात्यात माझं कौतुक झालं. वळसंगला धाकट्या काकांच्या घरी एका बारशात काकूंनी चारचौघींत माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

“मला नव्हतं जायचं,” मी तुम्हाला म्हणाले.

“का?”

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. तोंड उघडलं आणि तेवढ्यात समोरच्या अंबक्का ओरडल्या, “सुजाता, नळ आले गं!” चार दिवसांनी आलेलं पाणी. मी धावले. मोटर लावली, पिंप भरलं, बादल्या भरल्या, गच्चीवर जाऊन टाकी बघितली. खाली आले तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून आडवे झाला होतात, भिंतीकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघाले तर तुम्ही पिशवी भरून तयार. “चार दिस भावाकडं जाऊन येतो.”

मला वाटलं, खरंच चार दिवस.

आठवड्यामागून आठवडा गेला. फोन केला की तुम्ही म्हणायचात, “हितं करमायलंय. तू तुजं बघ.” रविवारी मी टीव्ही लावायची आणि बंद करायची. संजयला सांगितलं तर तो म्हणाला, “अण्णांना गाव आठवत असेल. बरं झालं, तूही जरा मोकळी झालीस.” मोकळी! मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. खालची अक्षरं मनातल्या मनात वाचली की सिनेमातली माणसं परत परकी वाटायची.

म्हणून मी एका रविवारी प्राचीच्या जुन्या टॅबवर एक सिनेमा उतरवून घेतला आणि अक्कलकोटच्या बसमध्ये बसून वळसंगला आले.

तुम्ही अंगणात बाजेवर होता. मला बघून उठलात आणि परत बसलात. काकू, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी शेंगा फोडत होत्या. मी टॅब शेंगांच्या पोत्याला टेकवून ठेवला. काकूंनी विचारलं, “काय गं, काय दाखवायलीस?” तुम्हीच उत्तर दिलंत, “शिनिमा हाय. गप बघा.” मग मला म्हणालात, “कुठला देश?”

“किर्गिझस्तान.”

“कुटं आलं ते?” काकू म्हणाल्या.

“लई लांब,” तुम्ही असं म्हणालात, जसं काही तिथून एकदा गाडी घेऊन गेला होता.

एका बाईची गाय हरवते आणि ती दिवसभर तिला डोंगरात शोधत फिरते, एवढाच तो सिनेमा. मी सांगायला लागले. पहिली पाच मिनिटं त्या चौघी हसल्या. मग शेंगा फोडायचे हात हळू झाले.

“दावं तुटलं का कुणी सोडून न्हेली?”

“पयल्यांदा वड्याकडं बघ म्हणावं तिला. गाय पाण्याकडंच जाती.”

“काकू, तिला ऐकू नाही जायचं.”

“मग डोंगरात कशाला तडफडायलीय ती? यप्पा, काय बाई हाय!”

“गप ऱ्हावा की,” तुम्ही ओरडलात. “सुजाता सांगायलीय न्हवं?”

शेवटी गाय आपली आपण घरी येऊन दारात उभी राहते आणि बाई अजून डोंगरातच तिला हाका मारत असते. तिथंच संपतो. अंगणात एकच गलका झाला. “आगं, कुणी तरी सांगा तिला, घरला आलीय म्हणून!” काकूंची सून तर टॅबवर बोटानं टकटक करायला लागली. तुम्ही हसत होता, पोट धरून हसत होता. मला वाटलं, झालं, आता तुम्ही माझ्याबरोबर येणार.

मी निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात.

“चला घरी,” मी म्हणाले.

“हितं बरंय मला.”

“तिथं काय कमी आहे?”

“कायबी कमी न्हाई. म्हणून तर तू अडकलीस.”

“मी अडकलेली नाही, मामा.”

“सगळी म्हणतेत, सून असावी तर अशी. मला न्हाई गोड वाटत ते. माज्यापायी कुणाचं काय ऱ्हायलं, ह्ये मला चालायचं न्हाई. तू जा पुण्याला. बढती परत माग.”

“माझं ऐकून तर घ्या…”

धाकट्या काकांनी स्कूटर चालू केली होती. रस्त्यावर बस दिसत होती. “चल गं, चुकंल ती,” ते म्हणाले. मी मागं बसले. तुम्ही हात वर केलात. “सांबाळून जा.” पुढच्या रविवारी निवांत बोलू, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात एका सकाळी काकूंचा फोन आला. चहा घेऊन तुम्ही कट्ट्यावर टेकला होता, आणि कप हातातून सुटला.

मामा, जे सांगायचं राहिलं ते एवढंसंच आहे. मी तुमच्यासाठी थांबले नव्हते. मला रविवारची दुपार हवी होती. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण ‘तुला काय वाटतंय?’ असं मला विचारणारे तुम्ही पहिले. पुण्यात संजय आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण तिथं कुणी मला विचारणार नव्हतं की त्या पाववाल्या बहिणींपैकी खरी चूक कुणाची. हे कारण बँकेत देता येतं का? सासऱ्याची सेवा म्हटलं की माना डोलतात. सासऱ्याबरोबर सिनेमे बघायचे आहेत म्हटलं असतं तर लोक माझ्याकडं बघतच राहिले असते. म्हणून मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं तुम्ही ओझं म्हणून उचललंत आणि गावी निघून गेलात. माझ्या सुखाची जागा तुम्ही माझ्यावर दया करून रिकामी केलीत. याचा मला राग आहे.

आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या रागाचंही काही खरं राहिलं नाही. सगळी माणसं बुद्धवंदना करून, जेवून गेल्यावर काकू माझ्याबरोबर भांडी आवरत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “लई गोष्टी सांगायचे भावजी, दुपारच्याला. तू सांगितलेल्या शिनिमाच्या. आमी शेंगा फोडत बसायचो आन ते सांगायचे. त्या होडीवाल्याची, शिंप्याची. आन ती मासळीवाली.”

“इल्दा?”

“तीच. तिची तर दोनदा सांगितली. लई गुणाची बाई.”

माझा हात थांबला. “काकू, शेवटी काय झालं म्हणाले? ती बसमध्ये चढली?”

“न्हाई गं. चढती कशाला? बस आली, दार उगडलं, आन तिनं डायवरला सांगितलं, तू जा बाबा. बॅग घेऊन घरला परत आली. म्हातारा दारातच उभा व्हता म्हणं, खिडकीतनं उठून आलेला. ती म्हणाली, च्या टाकते. त्यो म्हणाला, टाक.” काकूंनी पातेलं पालथं घातलं. “एवढं सांगून भावजी गप व्हायचे.”

मी त्यांना सांगितलं नाही की सिनेमात असलं काही नाही. मी मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला, आवाज झाकायला.

ज्यवढं दाखवलं त्यवढं आपलं, असं म्हणणारे तुम्ही! माझ्यासमोर तिला बसमध्ये चढवून दिलंत, आणि तिकडं अंगणात बसून तिला घरी आणलंत. म्हणजे तुम्हालाही मी घरीच हवी होते. मग मला घालवायला का निघाला होतात? आणि मी तरी फाटकापाशी स्कूटर थांबवून एक वाक्य का बोलले नाही? एक बस चुकली असती. त्या रस्त्याला बसचा तोटा नाही. दिवसभर हेच डोक्यात फिरतं. कधी वाटतं, तुम्हाला कळलेलं होतं. लगेच वाटतं, नाही, काहीच कळलेलं नव्हतं. मी एका उत्तरावर टिकत नाही.

संजयनं रजा वाढवून घेतली. एका संध्याकाळी तो म्हणाला, “आता तरी चल. आता तुला इथं काय धरून ठेवतंय?”

“मी अण्णांसाठी थांबले नव्हते,” मी म्हणाले.

“मग?”

मग मी सगळं सांगितलं. होडी, रंधा, बंदुकीचा नियम, गिरणीवाली, साकु. तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं चिडेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “अण्णा माझ्याशी कधी इतकं बोलले नाहीत गं,” तो म्हणाला. “मी फोन केला की, पैसे हायेत, तब्येत बरी हाय, ठेवतो. मला वाटायचं, म्हातारा असाच आहे.” मग डोळे पुसून, “आणि तू? तूही कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

मी एवढं सांगितलं की आत्ता मी पुण्याला येणार नाही. कधी येईन का, तेही सांगता येत नाही. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

काल रविवार होता. दुपारी मी भांडी घासत होते, तर संजय पुढच्या खोलीतून म्हणाला, “एखादा लाव ना.” मी हात पुसून आले. खाली खाली जात एक अल्बानियाचा सिनेमा काढला, तुम्ही न बघितलेला. संजयला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्याला अक्षरं वाचून दाखवायची गरज नाही. मी गप्प बसले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, “तू सांग ना. अण्णांना सांगायचीस तसं.” पहिली दोन वाक्यं पुस्तकी निघाली. तिसरं मोडनिंबचं आलं.

भूगोल शिकवून निवृत्त झालेली एक मास्तरीण असते, ती म्हातारपणी सायकल शिकायला निघते. सगळा सिनेमाभर पडते. गाव हसतं, लेक रागावते. शेवटी एका सकाळी ती घाटाच्या उतारावर सायकल सोडून देते. कॅमेरा वरच थांबतो. ती वळणाआड जाते, आणि मग नुसता मोकळा रस्ता आणि खाली समुद्र. संपला.

संजय म्हणतो, पडली असणार. तुम्हीही तेच म्हणाला असता. एवढा उतार, सायकल जुनी, बाई शिकाऊ. पण मामा, मी म्हणते ती खाली पोचली. सायकलच्या दुकानातून निघताना तिनं दोन्ही ब्रेक दाबून बघितले होते. एवढंसंच दृश्य आहे, तेव्हा तुमचा डोळा लागलेला असता आणि तुम्ही नंतर माझ्याशी वाद घातला असता. घाला. ती पोचली. चप्पल काढून पाण्यात पाय घालून बसलीय आणि वर यायची तिला काही घाई नाही. मी यावरून हटणार नाही.

आता तुम्ही बोला. बोला की.